अत्तरदाणी हवी, काकू नकोत

आमच्या दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आरसा होता, पंखा होता, आणि काकू नसल्या तरी काकू होत्या. सकाळी त्या भाजी आणायला खाली उतरल्या की दुपारपर्यंत लिफ्टमध्ये ऊद दरवळत राहायचा. एखादा नवा डिलिव्हरीवाला गेटवर विचारायचा, "भैया, ये फ्लैट किधर पड़ेगा?" आणि गार्ड मोबाइलमधून मान वर न करता सांगायचा, "नाक के पीछे-पीछे चले जाओ. आंटी जी अभी ऊपर गई हैं."

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. उंची जेमतेम, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, थंडीत वरून यजमानांचा जुना स्वेटर, आणि कानात अत्तराचा फाया. कापसाचा फाया कानाच्या खोबणीत खोचून ठेवायची पद्धत जुन्या पुरुषांची. बायका फार तर मनगटाला लावतात. काकूंना हे कुणी सांगितलं की त्या म्हणायच्या, "मनगटाला दिवसभर भांडी घासायची असतात. कान बिचारा नुसता लोकांचं ऐकून घेतो. त्याला काही सुख नको?"

आपल्याकडे देवापुढे जाळतात तो ऊद वेगळा. काकूंचा ऊद म्हणजे अगरूच्या लाकडाचं तेल, त्यात मसाले घालून केलेलं अत्तर. ज्यांनी ते हुंगलेलं नाही त्यांना आधीच सांगून ठेवते. पहिल्या फटक्यात वाटतं, कुणीतरी गोठ्यात औषधाची बाटली फोडली आहे. मग जरा वेळाने दालचिनी येते, लवंग येते, केशराचा भास होतो, आणि सगळ्यांच्या खाली जुन्या लाकडी कपाटासारखी एक ऊब बसलेली असते. त्या उबेपर्यंत पोचायला धीर लागतो. काकूंच्या ओळखीच्या बहुतेक लोकांकडे तो नव्हता, आणि काकूंना त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे.

मी नाशिकहून गुडगावला आयटी कंपनीत नोकरीला आले आणि खोली शोधत त्यांच्याकडे पोचले, तेव्हा त्यांनी मला कंपनी, पगार, जेवणखाण असलं काहीच विचारलं नाही. समोर चहा ठेवला आणि गप्प बसून राहिल्या. नंतर कळलं की ती त्यांची परीक्षा होती. चहा संपायच्या आत जो "खिडकी उघडू का?" म्हणेल, त्याला खोली नाही. माझ्या आधी तिघी तिथेच नापास झाल्या होत्या. मला त्या दिवशी सडकून सर्दी होती, म्हणून मी पहिल्या वर्गात पास झाले.

"तू काय लावतेस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी? बॉडी स्प्रे. ते समुद्राचं काहीतरी असतं ना..."

"नाशिकची तू. तुझा समुद्राशी काय संबंध?"

त्यांनी किल्ली दिली आणि वर म्हणाल्या, "तू खस आहेस. उन्हाळ्यात बरी वाटशील, थंडीत काय करायचं ते बघू."

माणसाला असा वास चिकटवायची त्यांना खोड होती. सोसायटीचा सेक्रेटरी त्यांच्या मते मोगरा होता: सभेत घमघमाट, घरी जाईपर्यंत सगळं हवेत. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं व्हॅनिला. "म्हणजे बिस्किट. गोड आहेत, पण चहात जास्त वेळ ठेवायचे नाहीत." ही विद्या त्यांना नोकरीत मिळाली होती. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात त्यांनी सगळी नोकरी स्वागतकक्षात काढली. महाराष्ट्रातून येणारा पाहुणा दारात उभा राहिला की रजिस्टर उघडायच्या आधी काकूंना त्याचं काम कळायचं. "अंगाला प्रवासाचा वास, तो खऱ्या कामाला आलेला. भसाभसा सेंट मारलेला, तो बदली मागायला आलेला. आणि ज्याच्या अंगाला कसलाच वास नाही, त्याच्यापासून सावध राहायचं."

ऊद त्यांना तिथेच भेटला. कुणी पाहुणा खोलीत इवलीशी बाटली विसरून गेला. नियमाप्रमाणे काकूंनी ती कपाटात ठेवली, आणि गळत तर नाही ना हे बघायला रोज उघडू लागल्या. काही महिन्यांनी तोच पाहुणा परत आला तेव्हा बाटली निम्मी झाली होती.

"दिल्लीची हवा कोरडी आहे," काकूंनी त्याला सांगितलं. "उडून जातं."

तो पाहुणा एकदा त्यांच्या कानाकडे बघून हसला आणि जुन्या दिल्लीतल्या दुकानाचा पत्ता देऊन गेला. तेव्हापासून काकू त्या दुकानाच्या गिऱ्हाईक.

मीही एकदा त्यांच्या फायातला ऊद लावून ऑफिसला गेले होते. मीटिंगच्या खोलीत शिरले तर दोन पोरं चक्क उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मुंबईच्या ऑफिसमधून कुणी मोठी बाई आली. मी गडबडले, सॉरी म्हणाले. खुर्ची सरकवताना सॉरी, लॅपटॉप जोडताना सॉरी, आणि संध्याकाळी कॅबवाल्यालासुद्धा "सॉरी भैया, थोड़ा परफ्यूम ज़्यादा हो गया." घरी येऊन काकूंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"वास एवढा आणि आवाज एवढासा! अगं, ऊद लावलेल्या बाईने सॉरी म्हणायचं नसतं. आधी सॉरी सोड, मग ऊद लाव. तोवर तुझी खसच बरी."

नोव्हेंबरात दिल्लीची हवा अशी होते की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही. त्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला की लिफ्टमध्ये उग्र सुगंध वापरणं कृपया टाळावं, लहान मुलांना त्रास होतो. काकूंनी व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांचं हिंदी थेट साताऱ्याहून आलेलं होतं. "पूरा दिल्ली ज़हर सूंघता है, वो चलता है. मेरा ऊद आया तो खांसी आया क्या? पहले हवा को नोटिस दो, फिर मेरे को." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. उलट तळमजल्यावरच्या पंजाबी आजीबाई दुकानाचा पत्ता विचारायला आल्या.

या सगळ्यात काकूंचे यजमान कुठे होते, असा प्रश्न पडेल. ते होते, मजेत होते, कारण सायनसच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांना कसलाच वास येत नसे. तो काकूंच्या संसाराचा पाया होता असं सोसायटीतले लोक म्हणायचे. दाराबाहेर शेजाऱ्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या की काका आतून मला सांगायचे, "चहा टाक. ही आली."

मी राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी काका गेले. त्या दिवसांत लिफ्टला नुसता लिफ्टचा वास यायचा. गार्ड मला रोज विचारायचा, "आंटी जी ठीक हैं ना?" तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या कानात फाया होता. साताऱ्याहून आलेल्या नणंदबाई अजून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, आता हे कशाला?"

"का? त्यांना वास येतच नव्हता. मी त्यांच्यासाठी लावत नव्हतेच कधी."

नणंदबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळची गाडी पकडली.

पण एक गोष्ट काकूंना हसण्यावारी नेता आली नाही. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. तिथे हळदीकुंकू कोणी लावायचं, गुलाबपाणी कोणी शिंपडायचं, हे दरवर्षी बदलायचं. अत्तर मात्र नेहमी काकूंकडे. त्यांच्या आईची चांदीची अत्तरदाणी होती, कोयरीच्या आकाराची. तिथे त्या ऊद नेत नसत. मंडळ देईल ते हिना, मोगरा मुकाट्याने लावत. कारण अत्तर हे निमित्त होतं. काकूंना हात हातात घ्यायला आवडायचं. दिल्लीत नव्याने आलेली, कुणाला न ओळखणारी बाई रांगेत असली की तिच्या पालथ्या हातावर काडी टेकवून त्या हात सोडायच्याच नाहीत. "कुठली गं तू? घरी कोण कोण? गॅस मिळाला का?" मी स्वतः तिथे अशीच उभी होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अत्तराने नव्हे.

काका गेल्यानंतरची पहिली संक्रांत जवळ आली. मंडळाच्या अध्यक्षबाई आमच्याच सोसायटीत राहायच्या, काकूंची त्यांची वीसेक वर्षांची मैत्री. त्यांचा फोन आला तेव्हा काकूंचे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, यंदा तुम्ही मस्त बसून घ्या. दरवर्षी उभ्या राहून थकता."

"मी थकले नाहीये गं. नवरा गेलाय."

अध्यक्षबाई घाईघाईने म्हणाल्या, "आपण नाही हो मानत तसलं काही, बिल्कुल नाही! पण दोन-चार जणी जुन्या वळणाच्या आहेत. उगाच कशाला कुणाला बोलायला जागा? तुम्ही समजून घ्याल."

"घेईन की. आणि अत्तर?"

"ते म्हणजे... तुमची अत्तरदाणी तेवढी पाठवा ना. तिच्याशिवाय शोभा नाही. तुमच्या भाडेकरणीच्या हाती पाठवा, तीच लावेल. कुमारिका आहे, चालतं."

बत्तिसाव्या वर्षी, हाताखाली अकरा माणसं असताना, मला कुमारिकेची बढती मिळाली. मी काकूंकडे बघून हसले. त्या हसल्या नाहीत. "पाठवते," म्हणाल्या आणि हात धुऊन अत्तरदाणी काढून बसल्या. टूथपावडर लावून चांदी घासायला लागल्या. अत्तरदाणीवर एक छोटं फूल होतं, ते एकच फूल त्या इतका वेळ घासत राहिल्या की मला फार वाईट वाटलं. त्यांना तिथे उभं राहायचं होतं. आयुष्यात कुणाकडे काही न मागणाऱ्या बाईला एवढीच एक जागा हवी होती, आणि त्या जागेवरची चांदी चालणार होती, त्या नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अध्यक्षबाईंनी दिलेली मोगऱ्याच्या अत्तराची बाटली मी काकूंना दिली.

"मोगरा? या थंडीत? बरं बाई."

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि भरलेली अत्तरदाणी पांढऱ्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. "आडवी करू नकोस," म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावला. त्यांचा एवढा गोड चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण त्या घरात उशीपासून कढीपर्यंत सगळ्यालाच उदाचा वास. फडक्यात काय आहे ते नाकाला कळणार कसं?

सोसायटीच्या हॉलमध्ये काळ्या साड्यांची गर्दी झाली होती. साडीच्या आत थर्मल, वर शाल. जानेवारीतल्या दिल्लीत गुलाबपाणी शिंपडलं की बायका किंचाळतात, तशा किंचाळत होत्या. वाण म्हणून पानिपतच्या घाऊक बाजारातून आणलेले टॉवेल होते. त्यावर काकू मला आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "बघ, पानिपतहून मराठी माणसं काहीतरी पदरात घेऊन परत आली." मानाप्रमाणे अध्यक्षबाईंचा हात पहिला. मी अत्तरदाणीचं झाकण उघडलं.

गोठा आणि औषध एकदम वर आलं.

क्षणभर माझी काडी हवेतच थांबली. झाकण लावून "सॉरी, काहीतरी चुकलं" म्हणायला पुरेसा वेळ होता. तो शब्द माझ्या ओठांवर आलासुद्धा. मी तो गिळला, अध्यक्षबाईंचा हात हातात घेतला आणि काडी चांगली दाबून टेकवली.

त्यांनी हात नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. "मी मोगरा दिला होता ना?"

"हो ना."

"मग हा?"

"दिल्लीच्या थंडीत मोगऱ्याचं असं होतं."

त्यांच्या मागे बायकांची रांग पालथे हात पुढे करून उभी होती. आता करणार काय? शुभकार्यात लावलेलं अत्तर सगळ्यांदेखत पुसायचं कसं? आणि ज्यांना शकुन-अपशकुनाची सगळ्यात जास्त पर्वा होती त्यांनाच ते सगळ्यात कठीण. मी पुढे सरकत गेले. मजा अशी की जिला काडी टेकवत होते ती प्रत्येक बाई हात हुंगून आपोआप दाराकडे बघत होती. "काकू आल्या का गं?" "कुठायत काकू?" तिळगूळ वाटून होईपर्यंत दाराकडे बघून बघून सगळ्यांच्या माना दुखल्या असतील.

ऊद पाण्याने जात नाही. साबणाने जात नाही. लोकरीच्या शालीत शिरला तर ड्रायक्लीनवालासुद्धा हात जोडतो. हे काकूंना पक्कं ठाऊक होतं आणि मंडळाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्येच विसरलेली अत्तरदाणी अध्यक्षबाई परत द्यायला आल्या. काकू गाजरं किसत होत्या. मी नाश्ता करत होते, ती ताटलीत डोकं घालून बसले.

"वहिनी, हे बरोबर केलं नाहीत तुम्ही."

"मोगरा नाही आवडला?"

"थट्टा पुरे. काल घरात पाऊल टाकलं तर हे म्हणाले, वहिनी येऊन गेल्या वाटतं. म्हटलं, नाही. मग लेक बाहेर आली. मम्मा, काकू आई थीं क्या? म्हटलं, नाही. तर म्हणे, क्यों नहीं बुलाया?"

"मग?"

"मी सांगायला गेले की बाई, हे सवाष्णींचं असतं. तर तिला सवाष्ण म्हणजे काय तेच माहीत नाही. इथेच वाढलेली पोर. म्हणून मग हिंदीत सांगितलं, कि बेटा, जिनके हस्बैंड नहीं रहे, उनको नहीं बुलाते." अध्यक्षबाई थांबल्या. "वहिनी, मराठीत इतकी वर्षं कधी वाटलं नाही हो. हिंदीत बोलले आणि माझं मलाच ऐकवेना."

काकूंनी गाजर खाली ठेवलं. "मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मतलब पापा को कुछ हो गया तो आपको भी नहीं बुलाएंगे? आपकी फ्रेंड्स?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, जा, होमवर्क कर."

काकू आधी गालात हसल्या, मग मोठ्याने हसल्या, आणि मग अध्यक्षबाईही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि पुसलेल्या हाताचा वास आल्यावर "अगं आई गं" म्हणून परत हसल्या. अशीच मंडळातल्या बाकीच्या घरांतूनही दोन दिवस काकू गेल्या-आल्याची चौकशी चालू होती, हे मला नंतर बऱ्याच जणींनी सांगितलं.

निघताना अध्यक्षबाई दारात थांबल्या. "रथसप्तमीला आपलं दुसरं हळदीकुंकू आहे, पलीकडच्या सेक्टरमध्ये. तुम्ही यायचं. अत्तर तुमच्याकडे."

"आणि त्या दोन-चार जणी? जुन्या वळणाच्या?"

"त्यातली एक मीच होते, वहिनी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाकीच्यांशी मी बोलते."

रथसप्तमीला काकू माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. काळी साडी, वर काकांचा स्वेटर, कानात नवा फाया. हॉलमध्ये शिरल्यावर जरा कुजबुज झाली, दोघी-तिघी उगाचच वाणाचे टॉवेल मोजायला लागल्या, पण बाकीच्यांनी हात पुढे केले. अध्यक्षबाई तर सगळ्यात पुढे. काकूंनी अत्तरदाणी उघडली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि त्या रांगेला वळसा घालून सरळ हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, काही विसरल्या. मी मागोमाग गेले.

तिथे मंडळाच्या एक जुन्या सभासद मोठ्या पातेल्यात कॉफी ढवळत होत्या. त्यांचे यजमान काकांच्या कितीतरी वर्षं आधी गेले होते, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच असायच्या. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं. बाहेर कुणी बोलावलं नव्हतं एवढंच.

"हात द्या," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, ओला आहे."

काकूंनी आपल्या पदराने त्यांचा हात पुसला. "इतकी वर्षं मी तुमच्यासमोरून ही अत्तरदाणी नेली-आणली. कॉफीत साखर कमी आहे म्हणून तुम्हाला दोनदा परत पाठवलं. तुम्ही कधी म्हणाला का नाहीत, मलाही लावा म्हणून?"

त्या कॉफी ढवळायच्या थांबल्या. रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाल्या, "मी कशी म्हणणार? लावणाऱ्या तुम्हीच होतात ना."

काकूंनी त्यांच्या हातावर काडी टेकवली. मग तो हात तसाच दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. बाहेरून अध्यक्षबाईंची हाक आली, "वहिनी, बायका केव्हाच्या थांबल्यात!"

"थांबू देत," काकू म्हणाल्या, आणि त्या बाईंचा दुसरा हात पुसायला घेतला.